ऐपतीचा दाखला आणि माझी सव्वीस पत्रे

विलायतेच्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासाठी मुलगी हुशार असून भागत नाही; तिचा बाप श्रीमंत आहे, अशी सरकारची खात्री पटावी लागते. माझ्या मुलीच्या हुशारीविषयी नागपूरच्या परीक्षकांना शंका नव्हती. माझ्या श्रीमंतीविषयी मला शंका नव्हती. राहता राहिले सरकार! आणि त्या सरकारची समजूत इतकी वर्षे कोणी बिघडवून ठेवली होती, हे लिहिताना माझ्या हाताला आजही कंप सुटतो. (तो वयाचा नसून संतापाचा आहे, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.)

मी वकील नाही. वकिलीची परीक्षा देण्याइतकी सवड मला वडिलांनी दिली नाही आणि अकोल्याच्या बाजूच्या आमच्या काळ्या जमिनीने तर मुळीच दिली नाही. परंतु कायद्याचे जाडजूड ग्रंथ मी पदरमोड करून घेतले आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी अमरावतीस बिऱ्हाड केल्यापासून कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून परक्यांचे खटले शेवटपर्यंत ऐकले आहेत, आणि वकिलांच्या चुका त्यांना व्हरांड्यात गाठून समजावूनही दिल्या आहेत. अन्याय दिसला की मी पत्र लिहितो. रस्त्यावरचा कंदील विझला, पत्र! टपाल उशिरा आले, पत्र! त्या पत्राचे उत्तर उशिरा आले, पुन्हा पत्र!

तथापि माझी लेखणी खरी पेटत असे ती शेतसारा आणि आयकर या दोन विषयांवर. सूट मागणारा माझा अर्ज वाचून दगडालाही पाझर फुटावा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. "अर्जदाराच्या पऱ्हाटीस बोंडे धरली नाहीत, विहीर आटली, बैल म्हातारे झाले आणि त्यांच्यामागून अर्जदारही झाला," हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या वर्षी वापरले आहे, आणि तिन्ही वेळा थोडीफार सूट पदरात पडली आहे!

शिवाय मी केवळ कागदावर विसंबून राहणारा माणूस नव्हे. चौकशीला कोणी आलेच तर काय करावे, याची घरात मी रीतसर कवायत घेतली होती. दारात पट्टेवाला दिसला की जाजम गुंडाळून माळ्यावर. तांब्या-पितळेची भांडी दोराने परसातल्या विहिरीत. लोलकाचे घड्याळ गोधडीत. आणि आमच्या सौभाग्यवतींनी ठिगळाचे लुगडे नेसून चुलीपाशी खोकत बसायचे. पट्टेवाला पायताण काढून आत येईपर्यंत घर दरिद्री झालेले असे. (खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुष्कळ घरांत आमच्याकडे हीच रीत होती. मी तिला फक्त शिस्त लावली.)

अशा या सुरळीत चाललेल्या संसारात विलायतेचे पत्र आले. माझी एकुलती कन्या इंदू हिला तिकडच्या एका वैद्यक महाविद्यालयात जागा मिळाली होती. वऱ्हाडातल्या कोणत्या शेतकऱ्याची मुलगी डॉक्टर होण्यासाठी बोटीत बसली होती? मी ते पत्र सात वेळा वाचले. सातव्या वेळी खालची अट दिसली. मुलीचा संपूर्ण खर्च करण्याची पालकाची ऐपत असल्याचा, जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनर साहेबांच्या सहीचा दाखला नेमल्या दिवसाच्या आत पोहोचला पाहिजे. न पोहोचल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीस दिली जाईल. हातात जेमतेम सहा आठवडे होते.

"ऐपतीचा दाखला म्हंजे काय जी?" सौ.ने विचारले. तिचे माहेर मोर्शीचे, बागायती. बोलणे रोखठोक.

"आपण सधन आहोत, असे सरकारने लिहून द्यायचे."

"आन् सरकारले हे कोन सांगनार?"

"मी!"

"तुमी?" असे म्हणून तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्या नजरेविरुद्ध पत्र लिहिण्याची सोय असती तर मी ते त्याच क्षणी लिहिले असते.

अर्ज मी अकरा पानांचा केला. जमीन, भाड्याने दिलेली दोन दुकाने, घर, गुरे, सौ.चे दागिने, सर्व कलमवार. अमरावतीच्या कारकुनाने तो हातात तोलून पाहिला, "जमीन अकोल्याकडं ना? मग तिकडचा अभिप्राय लागते," असे म्हटले आणि तो तिकडे धाडून दिला. दोन आठवडे गेले. मी चार स्मरणपत्रे लिहिली. शेवटी बडनेऱ्यावरून गाडी पकडून स्वतःच अकोल्याला गेलो आणि तेथून आमच्या तालुक्याच्या कचेरीत दाखल झालो.

तिथला कारकून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. मी नाव सांगताच तो उठून उभा राहिला. मी सुखावलो. सरकारी माणसाने मला पाहून उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"तुमीच का ते भाऊसाहेब? अहो, बसा, बसा! तुमची पत्रं आमी नव्या उमेदवार कारकुनांना वाचून दाखवतो. अर्ज कसा लिहावा म्हणून!"

"आपली गुणग्राहकता," मी म्हणालो.

तो आत गेला आणि तांबड्या फितीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला. माझी सव्वीस पत्रे. एकही गहाळ नाही! (रस्त्यावरच्या कंदिलाविषयीचे माझे पत्र याच सरकारला कधी सापडले नव्हते.)

"'अर्जदाराच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटते आणि तीही शेजारणीच्या गोवऱ्यांवर,'" त्याने खणखणीत आवाजात वाचले. "हे अक्षर तुमचंच?"

"अक्षर माझे आहे. परंतु हे विधान केवळ शेतसाऱ्याच्या संदर्भात वाचावयाचे आहे."

"म्हंजे साऱ्यासाठी गरीब, विलायतेसाठी श्रीमंत?"

"कायद्याच्या दृष्टीने पाहता..."

"थांबा, हे मागल्याच महिन्यातलं. 'अर्जदाराची कन्या वह्यांच्या अभावी फुटक्या पाटीवर शास्त्राचा अभ्यास करीत आहे.' हीच का ती कन्या? विलायतेले पाटी घेऊन जाणार?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"भाऊसाहेब," कारकून अतिशय आदराने म्हणाला, "माझी पंचाईत समजून घ्या. ही सव्वीस खरी धरली तर हा अर्ज खोटा. हा अर्ज खरा धरला तर ही सव्वीस खोटी. आता सरकारी अंमलदाराला खोटी माहिती लिहून देणं, याचं ते कलम कोणतं हो?"

"एकशे ब्याऐंशी!" मी ताडकन सांगितले.

संपूर्ण कचेरीत ते कलम पाठ असलेला मी एकटाच माणूस होतो. कारकुनाने ते शांतपणे टिपून घेतले.

"मग तुमीच सांगा, काय खरं धरू?"

मी त्याच टेबलावर बसून सत्ताविसावे पत्र लिहिले. कागदावरच्या वादाचा निकाल कागदावर न लावता अमरावतीच्या माझ्या राहत्या घराची प्रत्यक्ष पाहणी करावी, अशी त्यात मी खणखणीत मागणी केली. त्या मागणीचा मला पुढे अनेक दिवस अभिमान वाटत होता. नेमके सांगायचे तर नऊ दिवस.

घरी परतलो तो इतका खवळलेला, की आठवडाभर मी कोणाशी धड बोललो नाही. पाहणी होणार आहे, ही गोष्ट घरात सांगायची राहून गेली. प्रतिपक्षाला नोटीस दिल्याखेरीज कारवाई करू नये, हा कायद्याचा पहिला धडा. मी तो जगाला शिकवीत हिंडलो आणि बायकोला नोटीस द्यायला विसरलो!

नवव्या दिवशी, पाहणी अजून का झाली नाही, असा जाब विचारणारे पत्र टपालात टाकण्यासाठी मी बाहेर पडलो. इंदू दाखल्यांच्या नकला आणायला नागपूरला गेली होती. आणि बरोबर त्याच वेळी नायब तहसीलदार पट्टेवाल्यासह आमच्या दारात उभे राहिले.

"तुमच्या घरची ऐपत पाहायला आलो आहे," ते म्हणाले.

इतकी वर्षे ज्या वाक्याची तालीम झाली होती, तेच वाक्य! पुढचे सगळे माझ्या शिस्तीप्रमाणे बिनचूक पार पडले.

मी परत आलो तेव्हा नायब तहसीलदार फाटक्या चटईवर बसून कान तुटलेल्या कपातून गुळाचा चहा पीत होते. समोर ठिगळाच्या लुगड्यात माझी पत्नी खोकत होती.

"कायचं सोनं घेऊन बसले सायेब," ती सांगत होती, "हे मंगळसूत्रातले मनी बी काचेचे हायेत. खरे होते ते यायनं मांगच मोडले."

"अगं, काय बोलतेस!" मी किंचाळलो. "साहेब, आम्ही सधन आहोत! चांगले सधन आहोत!"

सौ.ने डोळ्याने मला खूण केली आणि नायबांकडे वळून आवाज खाली आणला. "मनावर नोका घेऊ जी. नुकसान झाल्यापासून असंच बोलून राह्यले. कधी म्हनतात दोन दुकानं हायेत, कधी म्हनतात पोरीले विलायतेले धाडतो."

"दुकाने आहेत! आणि धाडणारच आहे!"

"पाह्यलं?" ती नायबांना म्हणाली.

नायबांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. करुणा हा पुरावा होऊ शकत नाही, असे मी त्यांना सांगणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या गोधडीने बारा ठोके दिले.

सगळे गोधडीकडे पाहू लागले. मी धावत जाऊन घड्याळ बाहेर काढले. "हे पाहा! अस्सल विलायती! माझे आहे!"

"शेजाऱ्याचं हाय!" सौ. घाईने म्हणाली. मी भलताच मोहरा गमावतो आहे, अशी तिची खात्री झाली होती. "दुरुस्तीले आनलं होतं."

"तुम्ही घड्याळं दुरुस्त करता?" नायबांनी मला विचारले.

आता माझा तोल सुटला. मी परसात गेलो, धोतर खोचले आणि दोर ओढू लागलो. पहिल्या फेरीत घंगाळ आले. दुसऱ्या फेरीत दोन हंडे आले. तिसऱ्या फेरीत समया, तबके आणि एक बेडूक आला. घामाघूम होऊन मी ते सारे नायबांपुढे मांडले. "ही माझी ऐपत!"

नायबांनी ओल्या हंड्याला बोट लावून पाहिले आणि पट्टेवाल्याकडे नजर टाकली. "भांडी विहिरीत कोण ठेवतं हो?"

"कोणी नाही ठेवत, सरकार," पट्टेवाला गंभीरपणे म्हणाला. "चोरीची असली तर मात्र ठेवतेत."

अर्ध्या तासात भांड्यांची यादी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले (माझ्या पत्रांनी त्रासलेले शेजारी! त्यांनी माझ्याविषयी काय सांगितले असेल, ते वाचकांनी ताडावे), आणि तीन दिवसांनी अहवालाची नक्कल हातात पडली: "अर्जदाराची स्थिती अत्यंत हलाखीची. घरातील घड्याळ शेजाऱ्याचे. भांड्यांची मालकी संशयास्पद. कुटुंब प्रामाणिक दिसते. अर्जदाराचे चित्त थाऱ्यावर नाही."

मी तो अहवाल सौ.पुढे आपटला. "काय केलेस हे?"

"तुमीच तं शिकवलं होतं! ऐपत पाहाले आला म्हंजे कर लावाले आला! एवढी वर्सं तेच केलं, तवा काहून नाई ओरडले?"

यावर मी नऊ मुद्द्यांचा निषेध लिहावयास घेतला.

संध्याकाळी इंदू नागपूरहून आली. तिने अहवाल वाचला. मग तिने मुदतीची तारीख पाहिली. टपाल विलायतेला वेळेत पोहोचायचे तर दाखला उद्याच्या टपालगाडीनेच निघायला हवा होता. ती रडली नाही. नवीन घेतलेल्या वह्यांचा गठ्ठा तिने टेबलावर ठेवला, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "बाबा, आजवर तुम्हाला एवढा पक्का निकाल कोणत्याच कचेरीनं दिला नव्हता."

मी निषेधाचा कागद फाडला. इतक्या वर्षांत स्वतःच्या हाताने फाडलेला तो माझा पहिला कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला आलेले माझे मेहुणे नामदेवराव नेहमीप्रमाणे वांग्यांची टोपली पोचती करायला घरी आले. या गृहस्थाविषयी माझे मत मी कधीच लपवले नव्हते. मोर्शीला संत्र्याची बाग, भाजीपाला, झेंडू. आणि साऱ्याचा हप्ता पहिल्याच दिवशी पूर्ण भरणारा, वर पटवाऱ्याला गूळपाणी देणारा हा माणूस! सूट मागायची असते, हेच त्याला ठाऊक नाही. मी त्याला अनेकदा फुकट अर्ज लिहून देऊ केले होते. "राहू द्या जवाईबुवा," एवढेच तो म्हणे.

सौ.ने सगळी हकिकत सांगितली. नामदेवरावांनी टोपली खाली ठेवली. "एवढंच ना? चाल बाई इंदू, मी धाडतो तुले."

"अहो, पुरावा लागतो!" मी म्हणालो.

"पावत्या हायेत ना." त्यांनी बंडीच्या खिशातून सुतळीत ओवलेला पावत्यांचा जुडगा काढला. "बाजारात येतो तवा संगच ठेवतो. घरी उंदरं खातेत."

आम्ही तिघे जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. साहेबांच्या दालनात नामदेवरावांच्या पायांना अजून बागेतला चिखल होता.

"किती झाडं आहेत?" साहेबांनी विचारले.

"मोजली नाई, सायेब. पटवाऱ्याच्या कागदात हायेत."

साहेबांनी कागद मागवले, पावत्या चाळल्या. मग त्यांनी नामदेवरावांच्या नावाचा पत्रव्यवहार मागवला. शिरस्तेदार रिकाम्या हाताने परत आले. "एकही अर्ज नाही, साहेब."

"सूट? तक्रार? अपील?"

"काही नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हा गृहस्थ खरोखरच सधन असला पाहिजे," ते म्हणाले आणि त्यांनी लेखणी उचलली.

आणि इथे, वाचकहो, तो दाखला सही होऊन माझ्या मुलीच्या हातात पडण्याच्या बेतात असताना, माझ्यातला कायदा जागा झाला!

"हरकत आहे," मी म्हणालो.

साहेबांची लेखणी थांबली. इंदूने डोळे मिटले.

"बाप हयात असताना मामाच्या ऐपतीचा दाखला कोणत्या नियमाने चालतो?"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "आभारी आहे. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग बापाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागेल. स्वतःच्या मुलीचा खर्च करण्यास मी असमर्थ आहे, असं."

"असमर्थ? मी? साहेब, हे धादांत असत्य आहे! सत्याचा प्रश्न आहे हा! मी असे कदापि लिहिणार नाही!"

"बाबा," इंदू हळूच म्हणाली, "सव्वीस वेळा तो प्रश्न नव्हता?"

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी भांडलो असतो. रागाशी कसे भांडायचे, ते मला चांगले येते. पण तिथे राग नव्हता. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती. विलायतेची टपालगाडी गाठायला दीड तास उरला होता.

मी बसलो. लिहिले. एकच ओळ. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान पत्र, आणि लिहायला सर्वांत जास्त वेळ लागलेले. शिरस्तेदारांनी ते वाचून मान डोलावली. "व्वा! एका शब्दाची दुरुस्ती नाही."

दाखला त्याच दिवशी टपालात पडला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी नामदेवरावांना बाजूला घेतले आणि इंदूच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पाकीट त्यांच्या हातात कोंबले. पाकीट तसेच परत माझ्या खिशात आले.

"ठेवा, जवाईबुवा," ते माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तुमची हालत नाजूक हाय. सरकारी कागद हाय तसा."

इंदू गेली. तिची पत्रे दर विलायती टपालाने येतात. त्यांत मायना मोर्शीच्या मामाच्या नावाचा असतो आणि माझ्यासाठी खाली एक ओळ, "बाबांनी तब्येतीला जपावे, पैशाची काळजी करू नये!" ती वाचली की माझ्या अंगाची लाही लाही होते. एका जिवंत, सधन, कर भरणाऱ्या (सूट वजा जाता) बापाला सरकारने लेखी असमर्थ ठरवावे, हा अन्याय मी मुकाट्याने सोसणार नाही, हे मी ठरवले आणि त्याच आठवड्यात अपिलाचा मसुदा लिहावयास बसलो. पहिल्या चौदा पानांपर्यंत काम झपाट्याने चालले होते. पंधराव्या पानावर लक्षात आले, की आजवर सरकारने माझा शब्दन् शब्द मान्य केलेला अर्ज एकच, तो असमर्थतेचा. आणि मागितले ते सगळे ज्याला मिळाले, त्याने अपील कोणाविरुद्ध करायचे, ते कलम मला माझ्या एकाही ग्रंथात अद्याप सापडलेले नाही!